मुक्कामी गाडीची पाळी

एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही. माय म्हणते, पायाला भिंगरी घेऊनच आलीस. परभणीच्या ऑफिसात खुर्चीत बसले तरी माझा पाय हलत असतो, त्यानं टेबल हलतं आणि शेजारची बाई रोज एकदा तरी डोळे वटारून बघते. असल्या बाईला आमच्या ग्रामपंचायतीनं गेल्या हिवाळ्यात काम काय सांगावं, तर गावाचा इतिहास लिहायचं. नवी इमारत झाली होती, दर्शनी भिंत मोकळी होती. तिथं गावाची माहिती ऑइलपेंटनं रंगवून घ्यायची असं ठरलं, आणि गावातली शिकलेली, शनिवार-रविवार न चुकता येणारी, शिवाय फुकटात लिहून देणारी म्हणून मीच त्यांना सापडले.

हो म्हणून बसले आणि त्याच दिवसापासून डोक्याला भुंगा लागला. आमचं गाव मानवतच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. कापूस मानवतला जातो, ऊस गंगाखेडकडं, पोरं पुण्याला. याच्यापलीकडं त्याचा इतिहास तो काय? म्हाताऱ्या माणसांना विचारायला गेले तर प्रत्येकाचं वेगळंच. एक म्हणाला, ओढ्याकाठचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मी मनात म्हटलं, आमच्या जिल्ह्यात पांडवांनी किती रात्री काढल्या असतील देव जाणे, जिथं जावं तिथं त्यांचं एक देऊळ. दुसऱ्यानं निजामाच्या काळातल्या तहसीलदाराची गोष्ट सांगितली. तो घोड्यावरून आला आणि वसूल न करताच गेला म्हणे. का गेला, ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यानं सगळा वेळ स्वतःच्या आजोबांच्या कुस्त्याच सांगितल्या. मी ऐकत होते आणि पाय हलवत होते.

एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, आणि ती म्हणजे गाडी आली तो दिवस. एसटीची मुक्कामी गाडी. संध्याकाळी यायची, रात्री गावात थांबायची आणि सकाळी उजाडायच्या सुमाराला मानवतवरून परभणीला जायची. रस्ता इतका खराब होता की अंधारात परत फिरणं ड्रायव्हरच्या जिवावर यायचं, म्हणून ती मुक्कामाला राहू लागली. पुढं रस्ता सुधारला तरी मुक्काम तसाच राहिला. गाडी राहते म्हटल्यावर ड्रायव्हर-कंडक्टर राहणार, आणि राहणार म्हटल्यावर जेवणार. त्यावर गावानं पाळी लावली. आज या घरी, उद्या त्या घरी. ज्याची पाळी त्यानं गाडीपाशी जाऊन माणसाला बोलवायचं, हातपाय धुवायला पाणी द्यायचं, पाट मांडायचा आणि पोटभर जेवू घालायचं. त्याचा एक पैसा कुणी घेतला नाही. ड्रायव्हर कुठला, कोणाचा, हे गावानं कधी विचारलं नाही. गाडी घेऊन आला तो गावचा पाहुणा, एवढंच.

हे सांगताना माणसांचे चेहरे उजळायचे. कोणत्या ड्रायव्हरला तिखट चालायचं नाही, कोण गाणी म्हणायचा, कोणाच्या लग्नाला अख्खं गाव त्याच्याच गाडीत बसून गेलं, सगळं तोंडपाठ. मी मान हलवत होते. पण ती पाळी वेशीपासून निघायची, मारुतीला वळसा घालायची, ओढ्यापाशी यायची आणि तिथून परत फिरायची. ओढ्याच्या पलीकडं आमची वस्ती. आमच्या वस्तीला पाळी नव्हती.

नव्हती म्हणजे कुणी नाही म्हटलं होतं असंही नाही. ती नव्हतीच. आमच्या वस्तीचा विहार आहे, निळा झेंडा आहे, आता बहुतेक घरं पक्की आहेत, दोन मास्तर आहेत, एक इंजिनिअर आहे. गावाच्या लग्नांना आम्हाला पत्रिका येते, आमच्याकडच्या कार्यक्रमाला गाव येतं. सगळं व्यवस्थित आहे. तरी पाळी ओढ्यापाशी वळायची. गंमत म्हणजे मधल्या काळात दोन-तीन ड्रायव्हर आमच्याच समाजाचे होते. एक तर पूर्णेचा होता. तो गावातल्या मोठ्या घरी पाटावर बसून जेवायचा आणि मग ओढा ओलांडून आमच्याकडं चहाला यायचा. माय त्याला चहा द्यायची.

त्या दिवसांत मला हे डाचत नव्हतं. मी कॉलेजला होते. सकाळी त्याच गाडीनं परभणीला जायची. माय कपड्यात एक भाकरी गुंडाळून द्यायची, कालची, वर ठेचा. मी मानवत येईपर्यंत ती संपवायची. रोज कालचीच भाकरी का, ताजी का नाही, म्हणून मी एकदोनदा कुरकुरलेही होते.

डिसेंबरात बातमी आली की मुक्कामी गाडी बंद होणार. प्रवासी नाहीत. घरोघर मोटारसायकली झाल्या, गाडीत पाच-सहा म्हातारी माणसं आणि दुधाचे कॅन. महिनाअखेरपर्यंत गाडी, पुढं दुपारची एक फेरी तेवढी राहील. गाव हळहळलं, दोन दिवस पारावर तोच विषय, आणि तिसऱ्या दिवशी लोक आपापल्या मोटारसायकलींवर बसून कामाला गेले.

शनिवारी घरी गेल्यावर मी मायला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. गॅस आहे, पण भाकरी तिला चुलीवरचीच लागते. माझं बोलणं ऐकून तिचा हात परातीत थांबला.

"मंग माजी भाकर?" ती म्हणाली.

मला काही कळेना. कसली भाकर? तिनं सांगायला टाळाटाळ केली. मग तिची ती एकेक शब्द ओढून काढल्यासारखी बोलण्याची पद्धत. तिच्या बोलण्यातून निघालं ते असं. गाडी पहिल्यांदा आली त्या संध्याकाळपासून ती रोज एक भाकरी जास्तीची करते. हॉर्न ऐकू आला की एक गोळा जास्तीचा मळायचा. कधी पाळी आली, ऐन वेळी कुणी बोलवायला आलं, तर घरात भाकर नाही असं व्हायला नको. सुरुवातीला तिला वाटायचं, आज ना उद्या येईल. नंतर वाटणं संपलं, पण हाताला सवय लागली. माझे बाबा तिला हसायचे. बाबा गेले, तरी गोळा मळणं चालूच राहिलं. आणि ती न खपलेली भाकरी सकाळी माझ्या कपड्यात यायची.

मी उठले, बाहेर आले, परत आत गेले, परत बाहेर आले. अंगणात उभं राहून मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. ही बाई, जिनं त्या रस्त्याची खडी फोडली. दुष्काळी कामावर नवी नवरी म्हणून गेली होती ती, तळहाताला फोड घेऊन घरी यायची, असं बाबाच सांगायचे. तिनं फोडलेल्या खडीवरून गाडी आली, आणि ती इतकी वर्षं चुलीपुढं भाकरी करून वाट बघत बसली. कुणाला एका शब्दानं बोलली नाही. मला तिचाही राग आला. मागायचं की, तोंड काय शिवलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. गाडी जिथं थांबते तिथंच किराणा दुकान आहे. दुकानाचे काका आता ऐंशीच्या घरातले. पाळी लावायचं काम पहिल्यापासून त्यांच्याकडं. त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. सकाळी मीठ-मिरची न्यायला जो येईल त्याला ते सांगायचे, उद्या तुमच्याकडं बरं का, आणि ते बोलणं पक्कं. मी गावाच्या इतिहासाचं निमित्त काढलं. काकांनी खुशीत पोत्यावर बसायला दिलं आणि रस्त्याची हकिकत सुरू केली. दुष्काळ कसा पडला, खडी कशी फुटली, गावानं कसा रस्ता उभा केला.

मी विचारलं, गावानं म्हणजे कोणी? खडी कोणाच्या हातांनी फुटली?

काका म्हणाले, सगळ्यांनीच की. मी म्हटलं, सगळ्यांनी नाही काका, तुमच्या घरातलं कुणी होतं का खडीवर? ते जरा गोंधळले. मग म्हणाले, तुमची वस्ती होती, मेंढ्यावाले होते. मी म्हटलं, मेंढ्यावाल्यांना पाळी आहे, आम्हाला का नाही? माझा आवाज चढला होता. दुकानात साखर घ्यायला आलेली एक बाई साखर न घेताच उभी राहिली.

काकांनी वजनाच्या काट्यावर हात ठेवला. "पोरी, खरं सांगू का," ते म्हणाले, "कुनी न्हाई म्हनलं न्हाई. पन तुमी बी कदी मागितली न्हाई. आन् मी बी कदी इचारलं न्हाई."

एवढंच. मला भांडण हवं होतं. मी घरून निघतानाच भांडण ठरवून निघाले होते, आणि समोर भांडायला कुणी नव्हतंच. मी म्हटलं, आता मागते. महिना संपायच्या आत एकदा माझ्या मायच्या घरी पाळी द्या. काका म्हणाले, बघतो. त्या "बघतो"वर विश्वास ठेवायचा की नाही, याचा विचार करत मी आठवडाभर ऑफिसात टेबल हलवलं. शुक्रवारी मायचा फोन आला. काकांनी निरोप धाडला होता, परवाच्या रविवारी तुमच्याकडं.

फोनवर तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पण मी शनिवारी घरी पोचले तर अंगण सारवलेलं, भिंतींना चुना, आणि ट्रंकेतलं पितळी ताट चिंचेनं घासून चुलीशेजारी उभं केलेलं. विहाराजवळच्या मास्तरीणबाईंकडून तिनं पाट मागून आणला होता. आमच्या घरात पाट नाही, आम्ही सतरंजीवर बसतो. मी म्हटलं, सतरंजीवर बसेल की तो, पाटाशिवाय गिळत नाही का? माय म्हणाली, पाळीला पाट लागतो.

ड्रायव्हर काय खातो याची चौकशी झाली. हल्ली त्या गाडीवर एकच माणूस येतो, तोच चालवतो, तोच तिकीट फाडतो. माणूस तिशी-पस्तिशीतला, गळ्यात माळ. माळ म्हटल्यावर मटणाचा प्रश्नच नव्हता. मायनं मेथीची भाजी, बेसन, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि गव्हाची खीर असा बेत केला. रविवारी दुपारपासूनच ती चुलीपुढं. मी मेथी निवडली, आणि तिनं ती परत निवडली. मी आतबाहेर करत होते. शेवटी ती म्हणाली, तू एका जागी बस न्हाईतर मानवतला जाऊन ये.

तेवढ्यात मेंढ्यावाली मावशी आली. ओढ्याच्या गावाकडच्या काठाला त्यांचं घर. मायची ती खडीवरची मैत्रीण. दोघींनी एकाच ढिगावर बसून खडी फोडलेली. तिच्याकडं मेंढ्या अजून आहेत, सुगी झाली की लोक आपल्या शेतात त्या बसवून घेतात, लेंडीखतासाठी. खिरीला म्हणून ती शेळीचं दूध घेऊन आली होती. तिनं चुलीवर बघितलं, ताटाकडं बघितलं, आणि दुधाचा तांब्या हातात तसाच धरून उभी राहिली.

"आगं," ती म्हणाली, "आज एकादस हाय की."

आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो. आमच्या घरात एकादशी नाही. धर्मांतर झालं तेव्हा आजोबांनी देव्हारा ओढ्यात सोडला आणि त्याच्याबरोबर सगळे उपास-तापास. भिंतीवर कॅलेंडर आहे ते विहारातून मिळालेलं, त्यात पौर्णिमा ठळक लाल, एकादशीचा मागमूस नाही. माझ्या मोबाइलमध्ये सगळ्या जगाच्या तारखा, पण बघायचं सुचलं कुणाला? माळ घातलेला माणूस आणि एकादशी. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आम्हालाच तेवढं कळलं नाही.

मावशी म्हणाली, गावात एकादशीची पाळी नसतेच. ड्रायव्हर उपवासाचा असला तर काका त्याला दुकानातले शेंगदाणे, केळी देतात, नसला तर कुणीही ताट देतं.

माझं डोकं फिरलं. चप्पल घातली आणि तरातरा दुकानात गेले. काकांना म्हटलं, मुद्दाम दिलीत ना एकादशी? म्हणजे पाळी दिल्यासारखं होईल आणि जेवायला कुणी यायचंही नाही. काका दुखावले. खरोखर दुखावले, ते मला तेव्हाही दिसत होतं, पण माझी जीभ थांबत नव्हती. ते म्हणाले, गाडी बंद होणार म्हटल्यावर प्रत्येक घराला शेवटची पाळी हवी झाली, सगळे दिवस आधीच गेले, हा एकच उरला होता, म्हणून दिला. त्यांच्या ध्यानात आलं होतं की एकादशी आहे, पण त्यांना वाटलं, तुमच्याकडं एकादशी नसते, तुम्हाला काय फरक पडणार.

उरलेला दिवस. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वैरानं दिला असता तर मी भांडले असते. यांनी तर चांगल्या मनानं उरलेलं दिलं होतं. आता याचं काय करायचं?

तेवढ्यात गाडी आली. हॉर्न वाजला. घरी मायनं तो ऐकला असणार. ड्रायव्हर उतरला, पाठीला हात लावून वाकला. मी पुढं होऊन म्हटलं, दादा, आज पाळी आमच्याकडं आहे, ओढ्यापलीकडं, चला. तो माझ्याकडं बघून कसनुसा हसला. म्हणाला, ताई, आज माझी एकादशी आहे. मी म्हटलं, मग नुसते या, बसा, चहा घ्या. तो म्हणाला, डोकं लय दुखायलंय ताई, आज पडतो.

ओढा ओलांडताना मी त्याच एका वाक्याचा कीस पाडत होते. डोकं खरंच दुखत होतं का? एकादशी खरी होती, हे मान्य. पण चहाला एकादशी नसते. आमच्यासारख्या माणसांना अशी डोकेदुखी ओळखता येते, आजोबांपासून आम्ही ती ओळखत आलोय. आणि तरी, दिवसभर उपाशीपोटी गाडी चालवलेल्या माणसाचं डोकं दुखू नये का? मला काहीच ठरवता येईना आणि न ठरवता राहवेना.

मायला सांगितलं. तिनं ऐकलं. ताटावर फडकं झाकलं. मी बोलत सुटले. बरंच झालं, म्हटलं, त्यांच्या पाळीवाचून आपलं काय अडलंय, तुझी खीर आपण खाऊ, वस्तीत वाटू, आणि भिंतीवर मी आता असा इतिहास लिहीन की गाव वाचत बसेल. मावशी अजून होती, ती खाली मान घालून बसली होती. मायनं मला बोलू दिलं. मग मावशीला विचारलं, एकादस सोडतेत कवा?

सकाळी, मावशी म्हणाली, आंघोळ करून.

मायनं नुसती मान हलवली. मला कळलं आणि मी ओरडलेच. म्हटलं, तू जायचं नाहीस. तो आला नाही आपल्या दारात, आणि तू त्याच्या गाडीपाशी ताट घेऊन उभी राहणार? सगळ्या गावादेखत? तो नाही म्हणाला तर? मला ते बघवणार नाही. मला खरंच भीती वाटत होती. सत्तरी पार केलेली माझी माय हातात ताट घेऊन उभी आहे आणि समोरचा माणूस दुसरीकडं बघतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

"मी त्याच्यासाटी न्हाई जायलाय," माय म्हणाली. "पाळी माजी हाय. ती मी देनार. घ्यायाची का न्हाई त्येचं तो बघंल."

सकाळी मला जाग आली तेव्हा भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मला त्याच गाडीनं ऑफिस गाठायचं होतं. आम्ही दोघी निघालो. थंडी होती, ओढ्यावर धुकं होतं. मायनं पितळी ताट दोन्ही हातांनी धरलेलं, वर धुतलेलं फडकं. मी पाट काखेत मारला होता, कारण तो घेतल्याशिवाय ती निघेना. शहरातल्या ऑफिसात काम करणारी मी काखेत पाट घेऊन गावातून चालले होते, आणि बघणारे बघत होते.

गाडी सुरू होती. आत पाच-सहा माणसं, दुधाचे कॅन. ड्रायव्हर नळावर आंघोळ करून ओल्या केसांनी दुकानापुढं उभा होता आणि काका त्याला चहा ओतत होते. माय त्याच्यापुढं जाऊन थांबली. तिनं फडकं काढलं. गरम भाकरीची वाफ निघाली. तिनं काही मोठं भाषण केलं नाही. म्हणाली, काल तुमची एकादस व्हती, मला ठावं नव्हतं, आज सोडायची आसंल तर ताजं केलंय.

त्यानं ताटाकडं बघितलं. मग गाडीकडं, मग घड्याळाकडं. त्या तेवढ्या वेळात माझा जीव टांगणीला लागला. पाय इतका हलत होता की काखेतला पाट निसटला आणि धाडकन खाली पडला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. तो हसला. त्यानं चहाचा कप काकांच्या हातात परत दिला, वाकून पाट उचलला, दुकानाच्या पायरीपुढं मांडला आणि मांडी घालून बसला.

गाडीतली माणसं खिडकीतून बघत होती. एकानं आतून म्हटलं, उशीर होतोय. ड्रायव्हरनं मान वर न करता सांगितलं, एकादशी सोडल्याबिगर गाडी हलत नसते. तो नुसता उपचाराचा घास घेत नव्हता. भाकरी चुरून, बेसन कालवून, कांदा फोडून जेवत होता. दोन भाकरी झाल्या. माय समोर उकिडवी बसून त्याच्या ताटाकडं बघत होती. मध्येच तो थांबला. तोंडातला घास गिळून म्हणाला,

"आजी, बेसनात मीठ कमी हाय."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. वाटलं, रात्रभर न झोपलेली म्हातारी उठून तुझ्यासाठी करते काय आणि तू हिच्या मिठाची खोड काढतोस काय, तेही चार माणसांत. मी तोंड उघडलं. मायनं माझा हात गच्च दाबला, इतका की बांगडी रुतली. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं तर ती हसत होती. मी तिला असं हसताना कधी बघितलं नव्हतं.

"घाईत इसरले बाबा," ती म्हणाली.

काका उठून दुकानात गेले. कागदावर चिमूटभर मीठ घेऊन आले आणि वाकून त्याच्या ताटाच्या कडेला ठेवलं. मग मायपासून हातभर अंतरावर पायरीवर बसून राहिले. त्यानं मीठ कालवलं, उरलेलं सगळं पुसून खाल्लं, खीर संपवली. ताट स्वतः नळावर विसळून मायच्या हातात दिलं. गाडी उशिरा सुटली. मीही ऑफिसात उशिरा पोचले.

महिनाअखेरीला मुक्कामी गाडी बंद झाली. आता मी काळी-पिवळी जीपनं नाहीतर दुपारच्या फेरीनं जाते. भिंतीसाठीचा मजकूर लिहून दिलाय. त्यात पांडव आहेत, तहसीलदार आहे, खडी कोणी फोडली ते आहे, आणि पाळी कुठून निघायची, कुठं वळायची आणि शेवटी कुठपर्यंत गेली तेही आहे. पंचायतीत त्यावर अजून बोलणं चालू आहे. काका म्हणाले, जसं हाय तसं रंगवा. बाकीचे म्हणतात, बघू. मी दर शनिवारी जाऊन भिंत बघते. ती अजून पांढरीच आहे, आणि माझी चिडचिड काही थांबत नाही.

मायला भिंतीचं काही पडलेलं नाही. संध्याकाळी हॉर्न वाजत नाही, त्यामुळं ती आता मोजक्याच भाकरी करते. पण ओढ्यावर, विहारात, दळणाला, जो भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते. परवा मेंढ्यावाल्या मावशीला सांगत होती, जिनं ती आधी किमान दहादा तरी ऐकलेली असणार. मी दारात उभी होते.

"तोंडावर म्हनला, मीठ कमी हाय म्हनून," माय म्हणत होती. "परका आसता, तर गप गिळून गेला आसता."